तीन डॉक्टर, सात गोळ्या आणि नागपूरचा मे महिना: मानसिक आजाराची औषधं घरी सांभाळताना

"गोळ्या वेळेवर घेतो ना?" एवढंच सगळे विचारतात. एकच गोळी चालू असेल तर तेवढ्यावर भागतं. माझ्या धाकट्या भावाला स्किझोअफेक्टिव्ह आजार आहे, म्हणजे भास आणि संशय आहेत, शिवाय मूडचे चढउतारही. लिथियम आणि क्लोझापीन ही त्याची मुख्य औषधं. सोबत थायरॉईडची, शुगरची आणि आता बीपीचीही गोळी. लिहून देणारे डॉक्टर तीन, आणि तिघं एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. अशा माणसाला गोळी चुकल्याने जेवढा धोका होतो, तेवढाच आजूबाजूच्या गोष्टींनी होतो. हाडाच्या डॉक्टरने दिलेली दुखण्याची गोळी, मे महिन्यातलं ऊन, निर्जळी एकादशी, अचानक सोडलेली बिडी, यांतली एकही गोष्ट मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते, पोस्टातून निवृत्त झाले आहे. डोस किती असावा हे डॉक्टरांनीच ठरवायचं, त्यावर मी काही सांगणार नाही. पण डॉक्टर महिन्यातून दहा-पंधरा मिनिटं भेटतात, बाकीचा महिना घरच्यांच्या हातात असतो. त्या महिन्यात काय करायचं ते लिहिते.

आधी कागद

एक फुलस्केप कागद घ्या आणि त्यावर चालू असलेलं प्रत्येक औषध लिहा. कंपनीचं नाव पुरत नाही, कारण दुकान बदललं की तेही बदलतं. स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव लिहा. पुढे मिलिग्रॅम, साधी गोळी आहे की एसआर, किती वाजता, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी कधी सुरू केली. साधी आणि एसआर हा फरक किरकोळ समजू नका. एसआर गोळी पोटात हळूहळू सुटते, म्हणून ती मोडायची किंवा कुटायची नसते. दुकानदाराने एकीच्या जागी दुसरी दिली तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्याखाली बंद केलेली औषधं आणि ती का बंद केली ते लिहा. माझ्या मते कागदाचा हाच भाग सगळ्यात मोलाचा. आमच्या कागदावर लिहिलं आहे: "हॅलोपेरिडॉल – मान वाकडी झाली, जबडा आवळला, इंजेक्शन द्यावं लागलं. ओलान्झापीन – वजन व शुगर वाढली." डॉक्टर बदलले, ओपीडीत नवीन निवासी डॉक्टर आले, रात्री अपरात्री कॅज्युअल्टीत जावं लागलं, तर या दोन ओळींमुळे माणूस तोच त्रास पुन्हा भोगत नाही.

आणि सगळ्यात खाली लाल पेनाने: "लिथियम चालू आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये. क्लोझापीन चालू आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन देण्याआधी फोन करावा." सोबत मनोविकारतज्ज्ञांचा नंबर आणि कागद लिहिल्याची तारीख. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक पर्समध्ये ठेवा, एक पेशंटच्या खिशात. मोबाईलमध्ये फोटो असू द्या, पण त्यावरच अवलंबून राहू नका. गर्दीच्या ओपीडीत फोनचा स्क्रीन डॉक्टरांपुढे धरण्यापेक्षा कागद टेबलावर ठेवणं बरं.

भावाचं बीपी वाढलं तेव्हा आम्ही धंतोलीत एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी टेल्मिसार्टन लिहायला घेतली. भावाने खिशातून कागद काढला, उलगडला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी लाल ओळीपर्यंत वाचलं, लिहिलेलं खोडलं आणि अम्लोडिपीन लिहून दिली. लिथियम शरीराबाहेर जातं ते जवळजवळ सगळं किडनीवाटे. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या ते बाहेर जाऊ देत नाहीत, आणि रक्तातली पातळी चढत जाते. बीपीच्या गोळीच्या नावापुढे "एच" असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड मिसळलेलं असतं, म्हणजे तीच लघवी वाढवणारी गोळी. या गोळ्या कधीच चालत नाहीत असं नाही, पण मग लिथियमचा डोस आणि तपासण्या दोन्ही बदलाव्या लागतात. हे दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. आपलं काम त्यांना बोलायला लावणं.

अंगदुखी किंवा ताप असेल तर लिथियम घेणाऱ्यासाठी पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी. कोपऱ्यावरच्या दुकानातून "कंबर दुखते, काहीतरी द्या" म्हणून आणलेल्या गोळीत हमखास डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक असतं, आणि त्यानेही लिथियमची पातळी चढते. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, पाहुण्यांनाही.

लिथियमची तपासणी

लिथियम चांगलं औषध आहे. माझ्या भावाला त्याने उभं केलं आहे. पण त्याच्या उपयोगाची पातळी आणि विषाची पातळी यांत अंतर कमी. रक्तात ती साधारण 0.6 ते 1.0 च्या दरम्यान ठेवतात. 1.5 च्या वर गेली की त्रास स्पष्ट दिसू लागतो, आणि वय झालेल्या माणसाला त्याआधीही.

रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी द्यायचं. रात्रीची गोळी नऊला घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. लॅबचा मुलगा उपाशीपोटीची शुगरही घ्यायची म्हणून सहाला येतो म्हणाला, तर त्याला नऊचीच वेळ द्या. वेळ चुकली तर आकडा खोटा येतो, आणि खोट्या आकड्यावर डोस बदलला जातो. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. रक्त घेण्याच्या हिरव्या बुचाच्या ट्यूबमध्ये बरेचदा लिथियम हेपरिन असतं. त्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं तर लिथियमची पातळी उगाच जास्त दिसते. "कोणत्या ट्यूबमध्ये घेता?" हा प्रश्न मी दर वेळी विचारते, आणि आता लॅबवाले मी विचारायच्या आधीच लाल बूच दाखवतात.

पातळीसोबत क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि कॅल्शियम, साधारण सहा महिन्यांनी. लिथियममुळे थायरॉईड मंदावतं, भावाचंही मंदावलं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, सकाळी उपाशीपोटी एक गोळी वाढते. पण तपासणीच केली नाही, तर थायरॉईडचा मंदपणा नैराश्यासारखा दिसतो आणि नको ती औषधं वाढतात.

उन्हाळा, उपास आणि जुलाब

नागपुरात पारा 45 च्या वर जातो तेव्हा लिथियम घेणाऱ्याच्या घरात जास्त डोळस राहावं लागतं. घामावाटे पाणी आणि मीठ जातं. शरीरात मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते, आणि मीठ समजून लिथियमही धरून ठेवते. डोस तोच राहतो, रक्तातली पातळी मात्र वाढते. मार्च सरता सरता डॉक्टरांना विचारा की उन्हाळ्यात एखादी पातळी जास्तीची करायची का. आमचे डॉक्टर एप्रिलच्या अखेरीस एक करायला सांगतात, नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या आत.

पाणी दिवसभर सारखं प्यायचं, तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. ताक, मठ्ठा, लिंबू-मीठ-पाणी चांगलं. शुगर असेल तर पन्ह्यात गूळ-साखर बेताची. जेवणातलं मीठ अचानक कमी किंवा जास्त करू नका. बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर ते लिथियमच्या डॉक्टरांना कळवून, हळूहळू. दुपारी बारा ते चार बाहेरची कामं नकोत. क्लोझापीन, ओलान्झापीनसारखी औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात. हातपाय ताठरू नयेत म्हणून देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल घामच कमी करते. या औषधांवरचा माणूस उन्हात फिरून आला, अंग तापलं आहे पण घाम नाही, आणि बोलणं विसंगत होत आहे, तर "आजार उलटला" असं समजू नका. तो उष्माघात असू शकतो. अंग ओलं करा, पंखा-कूलर लावा आणि 108 ला फोन करा.

उपासाचंही तसंच. निर्जळी एकादशी किंवा नवरात्रातले कडक उपास असतील, रोजे असतील, तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. आमच्याकडे भाऊ आषाढीला साबुदाण्याची उसळ खातो, पाणी पितो आणि विठ्ठलाचं नाव घेतो. आईने तिच्या हयातीतच हे ठरवून दिलं.

जुलाब-उलट्या ही मात्र खरी घाई. एकीकडे पाणी-मीठ जाऊन लिथियम चढतं. दुसरीकडे जुलाबासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन क्लोझापीन यकृतात मोडू देत नाही, त्यामुळे तेही चढतं. एकाच दिवशी दोन्ही औषधं जास्त. म्हणून माणूस ठणठणीत असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या, "जुलाब-उलट्या झाल्यास काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं, कोणाला फोन करायचा." आमच्या कागदाच्या मागच्या बाजूला ते डॉक्टरांच्या अक्षरात, सहीसह आहे.

लिथियम वाढल्याची खूण कशी असते? बारीक थरथर अनेकांना नेहमीच असते, ती वेगळी. एका मे महिन्यात भाऊ स्वतःच म्हणाला, "ताई, कप बशीवर वाजून राहिला." मी पाहिलं तर खरंच वाजत होता, आणि त्याच्या हाताची थरथर रोजच्यापेक्षा ढोबळ होती. त्याच दिवशी रक्त दिलं, पातळी वर गेलेली निघाली, डॉक्टरांनी फोनवरच डोस थांबवायला सांगितला. ढोबळ थरथर, तोल जाणं, बोबडं बोलणं, मळमळ-जुलाब, गुंगी यांतलं काही दिसलं तर त्या दिवशीची लिथियमची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. तोल जातो आणि गुंगीही आहे, तर फोनची वाट न पाहता थेट दवाखान्यात जा.

क्लोझापीनचे नियम

क्लोझापीन बाकीच्या औषधांनी गुण आला नाही की देतात, आणि अनेक घरांत तेच शेवटी कामी येतं. पहिला नियम रक्ताचा. काही थोड्या लोकांत ते पांढऱ्या पेशी खाली आणतं. म्हणून सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्त, पुढे पंधरा दिवसांनी, मग महिन्याला, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल या प्रकाराची टक्केवारी असते. दोन्हींचा गुणाकार करा. एकूण 6000 आणि न्यूट्रोफिल 55 टक्के, म्हणजे 3300. मी हा आकडा वहीत तारखेसह लिहिते. तो 1500 च्या खाली गेला तर त्याच दिवशी फोन. आणि घसा दुखून ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करा.

दुसरा नियम खंडाचा. क्लोझापीनमध्ये 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा पूर्ण डोस सुरू करायचा नाही. शरीराची सवय गेलेली असते, बीपी एकदम पडतं, झटकेही येऊ शकतात. लहान डोसपासून वर जावं लागतं, आणि ते डॉक्टरांनीच करायचं. म्हणूनच घरात किमान पंधरा दिवसांचा साठा हवा. क्लोझापीन सगळ्या दुकानांत नसतं. दिवाळीत दुकानदार गावी जातो, पुरवठा अडकतो. स्ट्रिप अर्धी झाली की पुढची सांगून ठेवा.

बद्धकोष्ठ हा शब्द साधा वाटतो, पण क्लोझापीनमध्ये आतडी इतकी मंदावू शकतात की जीवावर बेतावं. इथे मी लाज बाळगत नाही, रोज सरळ विचारते. दोन दिवस संडास झाली नाही की डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध सुरू. पोट फुगलं, दुखतंय किंवा उलटी होत असेल तर रात्र काढू नका.

बिडी-सिगारेटचं गणित डॉक्टरांना आपणहून सांगा. धुरामुळे क्लोझापीन शरीरातून लवकर निघून जातं. धूर बंद झाला की काही दिवसांतच तोच डोस जड होतो, माणूस झोपाळतो, तोल जातो. त्याला कारण धूर आहे, निकोटीन नव्हे. म्हणून आपल्या भागात हमखास होतं तसं, बिडी सोडून खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) धरला तरी क्लोझापीन वाढू शकतं, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतोच. भरती असताना बिडी बंद असते आणि घरी आल्यावर पुन्हा सुरू होते, तेव्हा उलट होतं, डोस अपुरा पडू लागतो. बिडी सोडायची असेल तर जरूर सोडावी, फक्त तारीख ठरवून, डॉक्टरांना सांगून. लपवून काही करू नका, व्यसनाबद्दल ते रागावणार नाहीत.

बाकी औषधांविषयी थोडक्यात. व्हॅल्प्रोएट हे मूड सांभाळणारं औषध मूल होण्याच्या वयातल्या मुलींना, बायकांना चालू असेल तर लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोला, गर्भातल्या बाळात त्याने गंभीर दोष येऊ शकतात. पण घरच्या घरी बंद करू नका. लॅमोट्रिजिन, तेही मूडचंच औषध, सुरू असताना अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या एकदम तोडू नका. अल्प्राझोलॅम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या शेड्यूल एच-1 मध्ये येतात, दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. तो चिठ्ठी मागतो म्हणून त्याच्याशी वाद घालू नका.

डबा आणि कपाट

रविवारी सकाळी गोळ्यांचा सात दिवसांचा डबा भरायचा. भाऊ भरतो, मी बघते. गोळी स्ट्रिपमधून काढून टाकण्यापेक्षा स्ट्रिपचा तुकडा फॉइलसकट कापून ठेवा. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या हवेतली ओल शोषून चिकट होतात, आणि जुलैच्या दमट हवेत हे लवकर होतं. कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेली कड शेवटपर्यंत राखायची. औषधं स्वयंपाकघरात, कूलरजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात नकोत. आतल्या खोलीत, घरातल्या त्यातल्या त्यात थंड जागी ठेवा. फ्रिजची गरज नाही, तिथे ओल असते.

माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर सगळा साठा कुलपात, आणि हाती एका दिवसाचंच औषध. लिथियमचा जास्त डोस फार घातक असतो. असं बोलणं ऐकलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर कोणत्याही वेळी फोन करता येतो, मराठीतही बोलतात. गोळ्या जास्त खाल्ल्याची नुसती शंका आली तरी स्ट्रिपा सोबत घेऊन थेट कॅज्युअल्टी गाठा.

गोळी आणि माणूस

आजूबाजूचे म्हणतात, "आता तर बरा आहे ना तो, मग काऊन देता एवढ्या गोळ्या?" बरा आहे तो गोळ्यांमुळे, हे त्यांना शांतपणे सांगा. भावाला स्वतःलाही कधी वाटतं की पुरे झालं. तेव्हा मी वाद घालत नाही. "कोणती गोळी नको वाटते आणि काय त्रास होतो?" एवढंच विचारते. उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. लाळ गळून उशी भिजते, सकाळी उठवत नाही, वजन वाढलं, शर्ट बसत नाहीत. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. डोसची वेळ बदलते, एखादी गोळी कमी होते. पण डॉक्टरांना कळलं तरच. त्याच्या वहीत तो हे स्वतः लिहितो आणि दवाखान्यात पहिली पाच मिनिटं एकटा आत जातो. मी नंतर जाते.

वरणात कुटून, चहात विरघळवून गोळी देणारी घरं मला माहीत आहेत. त्या आयांचा नाइलाज मला समजतो. तरी सांगते, नका करू. एक दिवस त्याला कळतं, मग जेवणावरचा विश्वास जातो, आणि ज्याला आधीच संशय आहे त्याचा संशय खरा ठरतो. रोजची गोळी घेणं जमतच नसेल तर महिन्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत, ती प्रत्येक औषधाची मिळत नाहीत, पण विचारा तरी. देवाधर्माचं करायचं तर करा, फक्त त्यासाठी गोळी थांबवू नका, आणि कोणाच्या पुडीतलं अनोळखी चूर्ण देऊ नका.

खर्च हे औषध सुटण्याचं मोठं कारण आहे. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय, मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, चारही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. जनऔषधी केंद्रात काही औषधं बरीच स्वस्त पडतात. भरती झाल्यावर डिस्चार्ज कार्ड नीट वाचल्याशिवाय घरी येऊ नका. एका दवाखान्याने आम्हाला दिलेल्या कार्डावर लिथियमचा उल्लेखच नव्हता. ते बंद केलं नव्हतं, लिहायचं राहिलं होतं. मी काउंटरवरून हलले नाही, दुरुस्त करून घेतलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पेशंटला आपले वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क आहे, आणि आपल्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचाही. भावाने मला नेमलं आहे, साध्या कागदावर, सहीने.

आणि हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नका. मी मागे ऑपरेशनसाठी भरती झाले तेव्हा माझ्या सुनेने घर आणि डबा दोन्ही सांभाळलं, कारण त्याआधीपासून महिन्यातला एक रविवार ती भावाजवळ बसत होती. तुमच्या घरात असं दुसरं कोण आहे ते आजच ठरवा, आणि पुढच्या तपासणीला त्या माणसाला सोबत न्या, म्हणजे डॉक्टर त्याला चेहऱ्याने ओळखतील.